साखरेच्या कड्यातला पाहुणा

स्टार्चच्या द्रावणात आयोडीनचा थेंब टाकला की गर्द निळा रंग चढतो. शाळेत हा प्रयोग बहुतेकांनी केलेला असतो. पण आयोडीनची वाफ जांभळी, त्याचं द्रावण तपकिरी. मग हा निळा आला कुठून? याचा धागा सापडला तो स्टार्चच्या लांब साखळीत नाही, तर त्याच साखळीपासून बनणाऱ्या एका चिमुकल्या कड्यात.

1891 मध्ये विलियर्स या फ्रेंच शास्त्रज्ञाला जिवाणूंनी पचवलेल्या स्टार्चमधून एक स्फटिकरूप पदार्थ मिळाला. एक किलो स्टार्चमागे जेमतेम तीन ग्रॅम! हेच सायक्लोडेक्स्ट्रिन. जिवाणूंचं विकर स्टार्चची साखळी तोडतं आणि तुकड्याची दोन टोकं एकमेकांना जोडून टाकतं. सहा ग्लुकोजचं कडं म्हणजे अल्फा, सातचं बीटा, आठचं गॅमा.

कडं म्हटलं तरी आकार बूड नसलेल्या कुंडीसारखा आहे: एका तोंडाशी रुंद, दुसरीकडे जरा निमुळता. उंची साधारण 0.8 नॅनोमीटर, अल्फाची पोकळी सुमारे 0.5 नॅनोमीटर रुंद. पाण्याशी सलगी करणारे हायड्रॉक्सिल गट दोन्ही काठांवर असतात, त्यामुळे कडं पाण्यात विरघळतं. आतली भिंत मात्र पाण्याला फारशी मानवत नाही. म्हणून योग्य मापाचा तेलकट स्वभावाचा रेणू दिसला, की पाणी बाहेर पडतं आणि तो आत शिरतो. यजमान आणि पाहुणा यांच्यात नेहमीसारखा पक्का रासायनिक बंध जुळत नाही. आला तसा पाहुणा निघूनही जाऊ शकतो.

तो खरंच आत बसलाय, नुसता बाहेर चिकटलेला नाही, हे कसं कळणार? कोमट द्रावण सावकाश थंड करून स्फटिक वाढवायचा, त्यावर क्ष-किरण सोडायचे आणि विखुरलेल्या ठिपक्यांवरून अणूंच्या जागा काढायच्या. अशा चित्रात पहिली गंमत दिसते ती रिकाम्या घराची. पाण्यातून वाढवलेल्या अल्फाच्या एका स्फटिकात पोकळीत पाण्याचे दोन रेणू असतात आणि कडं चक्क वाकडं असतं. एक ग्लुकोज आत कललेलं. नीट मापाचा पाहुणा आला की कडं गोल होतं. म्हणजे घरही पाहुण्याप्रमाणे बदलतं.

प्रत्येक वेळी पाहुणा दिसतोच असं नाही. गॅमाची कडी अनेकदा एकावर एक रचली जातात आणि त्या रचनेची सममिती चौपदरी असते, म्हणजे पाव फेरी फिरवली तरी ती तशीच दिसते. आठ ग्लुकोजच्या कड्याला ती सोसते, पण आतला वेडावाकडा रेणू चार दिशांनी बसलेला भासतो. क्ष-किरणांच्या चित्रात नुसता धूसर डाग! मला हे डाग सुबक चित्रांपेक्षा जास्त प्रामाणिक वाटतात, कारण आतला रेणू खरोखरच एका जागी, एकाच तऱ्हेने बसलेला नसतो. (गॅमातच फेरफार करून बनवलेलं सुगामाडेक्स हे औषध शस्त्रक्रियेनंतर रोक्युरोनियम या स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाला असंच पोटात घेतं.)

अल्फाच्या बाबतीत पाहुण्याची लांबी महत्त्वाची. तो छोटा असला तर शेजारची कडी पोकळीची तोंडं बंद करतात. बंद कोठड्या तयार होतात. लांबट असला तर कडी रांगेत रचली जातात आणि एक लांब नळी मिळते.

त्या नळीत आयोडीन शिरल्यावर काय होतं, हे नोल्टेमेयर आणि झेंगर या शास्त्रज्ञांनी 1976 मध्ये दाखवलं. आयोडीनचे अणू एकामागोमाग एक, सरळ ओळीत. स्टार्च-आयोडीनचे असे नीटस स्फटिक वाढवणं फार अवघड, पण स्टार्चमधल्या अमायलोजची साखळी आयोडीनभोवती मळसूत्रासारखी वळते आणि तिच्या एका वेढ्यात ग्लुकोज असतात सहा. अल्फाच्या एका कड्यात असतात तेवढेच. ओळीत आलेल्या अणूंचे इलेक्ट्रॉन एकेका रेणूपुरते राहत नाहीत, साखळीभर पसरतात. त्यामुळे प्रकाशातला नारिंगी-तांबडा भाग शोषला जातो आणि डोळ्यांपर्यंत पोचतो तो निळा.