टाळी, खाली आणि खेळ : सीमाभागातल्या तालशिक्षणामागचा इतिहास

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या काही गायन-तबल्याच्या वर्गांत नव्या मुलांना ताल शिकवताना खेळ घेतले जातात. गोलात उभं राहून टाळ्या देणं, चेंडू पुढे सरकवणं, मात्रा, म्हणजे तालाचे ठोके, चालून दाखवणं असे ते खेळ. पालक विचारतात, "सर, तबल्यावर हात कधी ठेवणार?" प्रश्न रास्त आहे. पण ताल आधी अंगात आणि मग वाद्यावर, हा क्रम कालपरवाचा नाही.

भरताच्या नाट्यशास्त्रात ताल हातानंच मोजलाय. उजव्या हाताचा आघात म्हणजे शम्या, डाव्याचा तो ताल, दोन्ही हात मिळाले की संनिपात. आवाप, निष्क्राम, विक्षेप, प्रवेश या क्रियांत हात नुसता फिरतो, आवाज होत नाही. आपली टाळी आणि खाली, म्हणजे जिथे टाळी न देता हात नुसता बाहेर नेतात ती जागा, याच घराण्यातली. तेराव्या शतकात देवगिरीला शार्ङ्गदेवानं संगीतरत्नाकर लिहिला, त्यातला पाचवा अध्याय सगळा तालाचा. तो यादव राजा सिंघणाच्या पदरी होता, आणि त्याच सिंघणाच्या काळात रट्ट राजांचं वेणुग्राम, म्हणजे आपलं बेळगाव, यादवांच्या राज्यात आलं.

ग्रंथ पंडितांकडे राहिले. गावात ताल टिकवला तो बायका-पोरांनी आणि भजनी मंडळांनी. नागपंचमीला झिम्मा-फुगडी, शाळेच्या मैदानावर लेझीम, आणि टिपऱ्या, ज्यांच्या खेळाला शेजारची कन्नड मुलं कोलाट म्हणतात. झिम्मा जरा नीट बघा. आधी स्वतःची टाळी, मग समोरचीच्या हातावर, आणि मध्येच एक गिरकी. गिरकीत टाळी नसते, तरी लय सुटत नाही. हात परत भिडतात ते नेमके ठोक्यावर. खाली म्हणजे काय हे त्या मुलीला कुणी शिकवलेलं नसतं, पण तिच्या अंगात ती मुरलेली असते. एकादशीच्या भजनात मागच्या रांगेत टाळ घेऊन बसलेल्या पोराचंही तसंच.

वर्ग, इयत्ता, पुस्तक आणि परीक्षा ही चौकट आली विष्णु दिगंबर पलुसकरांमुळे. ते आपल्या हद्दीला लागूनच असलेल्या कुरुंदवाडचे, जन्म १८७२ चा. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकून त्यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. सामान्य घरातल्या मुला-मुलींना गाणं शिकता येऊ लागलं, हे त्यांचं ऋण फार मोठं आहे. मात्र वर्गाबरोबर ताल कागदावरही आला. पलुसकरांच्या स्वरलिपीत समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, १ आणि खालीला +, संगीतशास्त्रज्ञ वि. ना. भातखंड्यांच्या लिपीत समेला × आणि खालीला ०. परीक्षेला हातानं ताल दाखवावा लागतोच, पण बरीच मुलं तो सोळापर्यंतच्या पाढ्यासारखा पाठ करतात. माझ्या मते खेळांची गरज इथेच निर्माण झाली.

जिनिव्हात नेमकी हीच अडचण एमिल जाक-दालक्रोझ यांना दिसली. १८९२ पासून ते तिथल्या संगीत विद्यालयात हार्मनी, म्हणजे स्वरमेळ, शिकवत होते. विद्यार्थी कागदावर चोख, पण वाजवताना लय डळमळीत. मग त्यांनी पियानोच्या साथीवर मुलांना चालवलं, थांबवलं, वळवलं. १९११ मध्ये ड्रेस्डेनजवळ हेलेराऊला या पद्धतीची खास संस्था उभी राहिली. पुढे हंगेरीत झोल्तान कोदाय यांनी शालेय संगीताचा पाया लोकगीतांवर घातला. तिथल्या लोकसंगीताच्या महासंग्रहाचा १९५१ साली निघालेला पहिलाच खंड मुलांच्या खेळगीतांचा आहे. आपल्याकडे झिम्म्याची गाणी लोकसाहित्य म्हणून गोळा झाली, पण संगीताच्या पहिल्या इयत्तेत त्यांना जागा मिळाली नाही. ती मिळायलाच हवी होती.

वर्गातला एक खेळ सांगतो. पंधरा मुलं गोलात बसवायची. प्रत्येकानं तीनतालाचा एकेक बोल म्हणायचा, धा धिं धिं धा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला हात बाहेर. ताल सोळा मात्रांचा आणि मुलं पंधरा, म्हणून सम दर आवर्तनाला, म्हणजे तालाच्या दर फेरीला, एकेक मूल पुढे सरकते. "माझी मात्रा पाचवी" असं धरून बसायची सोय राहत नाही. प्रत्येकाला अख्खं आवर्तन ऐकत राहावं लागतं. नवव्या मात्रेला सुरुवातीला हमखास कुणीतरी टाळी देतं आणि सगळा गोल हसतो. दोन-चार आवर्तनांत हात आपोआप बाहेर जायला लागतो.

बेळगावच्या मुलांना आणखी एक गोष्ट सहज मिळते. बहीण भरतनाट्यमला जात असेल तर घरात तीन मात्रांचं तकिट, चार मात्रांचं तकधिमि कानावर पडतं, आणि टाळीनंतर करंगळीपासून बोटं मोजण्याची कर्नाटकी रीतही दिसते. तीन आणि चारची जोड अशी आयती ऐकलेली असली की सात मात्रांचं कोडं वाटत नाही. तरीही सात मात्रांचा रूपक ताल जरा उशिरा घ्यावा. त्याची सम खालीवरच येते, आणि समेला टाळी द्यायला नुकतंच शिकलेलं मूल तिथे गोंधळतं. आधी दादरा, केरवा आणि तीनताल गोलात पक्के झाले की मग रूपकाचा खेळ रंगतो.