मार्टिन बेकला सर्दी का होते?

पदपथावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून ‘रोझअॅना’ उचलली तेव्हा मी आत डोकावलो नव्हतो. घरी येऊन उघडली, तर आधीच्या कुणा पुण्यवंतानं पहिल्याच पानावर पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवलेलं. खाली दोन ठसठशीत रेघा. पैसे दिलेच होते, म्हणून चडफडत वाचायला घेतली आणि रात्री दीड वाजता संपवूनच खाली ठेवली. मग प्रश्न पडला, की खुनी ठाऊक असताना मी इतका वेळ वाचत काय होतो?

माय शोवाल आणि पेर वालू या स्वीडिश जोडप्यानं लिहिलेल्या दहा कादंबऱ्यांपैकी ही पहिली, १९६५ची. जुलै महिन्यात स्वीडनमधल्या योटा कालव्यात गाळ काढणाऱ्या यंत्राला एका तरुणीचा मृतदेह सापडतो. ती कोण हे कळायलाच काही महिने जातात आणि खुनी हाती लागेपर्यंत पुढचा जानेवारी उजाडतो. मधल्या काळात पोलीस अधिकारी मार्टिन बेक काय करतो? वाट पाहतो. टपालाची, फोनची, परदेशातून यायच्या उत्तराची. त्याला सर्दी होते. कॉफी पोटाला सोसत नाही तरी पितो. घरी बायकोशी बोलण्यासारखं फारसं उरलेलं नाही, म्हणून जहाजाची छोटी प्रतिकृती जोडत बसतो. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारला कधी साधी शिंक आल्याचंही मला आठवत नाही.

खुनी कळला की रहस्यकथेतला राम गेला, असं आपण धरून चालतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत जोनाथन लेविट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड यांनी २०११मध्ये हेच तपासून पाहिलं. बारा लघुकथा घेतल्या, त्यांत रहस्यकथाही होत्या. काही वाचकांना शेवट आधीच सांगून टाकला, काहींना नाही. शेवट माहीत असलेल्यांना कथा सरासरीनं जास्त आवडल्या! नंतरच्या काही प्रयोगांत उलटे निकाल आले, त्यामुळे यावरून नियम बांधायची घाई नको. पण शेवट ठाऊक असणं म्हणजे कथेचा मृत्यू नव्हे, एवढं यातून नक्की दिसतं. ‘कोण’ हा प्रश्न डोक्यातून उतरला, की लक्ष माणसांकडे जायला मोकळं होत असावं. निदान माझं तसंच झालं.

‘रोझअॅना’त एक जागा फार सुंदर आहे. मेलेली मुलगी अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहराची निघते. तिथला एक पोलीस तिच्या ओळखीच्यांचे जबाब घेतो आणि कादंबरीत ते तसेच्या तसे छापलेत. प्रश्न, उत्तर, प्रश्न, उत्तर. ‘तो संकोचून म्हणाला’ नाही, ‘तिचे डोळे भरून आले’ नाही. तरीही वाचताना कोण कुठे अडखळलं, कुणी काय दडवलं हे आपल्याला ऐकू येतं. आणि तोवर निव्वळ मृतदेह असलेली ती मुलगी त्या कोरड्या कागदांतून उठून उभी राहते.

तिला उभं कोण करतं? आपण. स्मरणशक्तीच्या अभ्यासात याच्याशी नातं सांगणारी एक गोष्ट चांगली प्रस्थापित आहे. १९७८मध्ये नॉर्मन स्लामेका आणि पीटर ग्राफ यांनी दाखवलं, की नुसता वाचलेला शब्द जेवढा लक्षात राहतो, त्याहून स्वतः भरलेला शब्द जास्त राहतो. ‘उष्ण–गरम’ ही जोडी वाचणं वेगळं आणि ‘उष्ण–ग…’ एवढंच देऊन पुढचं तुम्हाला भरायला लावणं वेगळं. मेंदूनं थोडी खटपट केली, की शब्द पक्का होतो. प्रयोग शब्दांवरचा आहे. तो अख्ख्या कादंबरीला लावणं ही माझी उडी आहे, पण ती फार लांबची वाटत नाही. ‘बेक एकाकी होता’ असं लेखकानं सांगितलं असतं तर मी पुढच्या पानावर विसरलो असतो. तो रात्री जहाजाचे तुकडे चिकटवत बसतो. एकाकीपणाचा शब्द मी भरला, म्हणून तो माझा झाला.

पडद्यावर हेच काम चेहरा करतो. सोव्हिएत दिग्दर्शक लेव कुलेशॉव यांचा शंभरेक वर्षांपूर्वीचा प्रयोग प्रसिद्ध आहे: नटाचा तोच भावहीन चेहरा, त्याला जोडून कधी सूपची वाटी, कधी शवपेटी. प्रेक्षकांना त्या एकाच चेहऱ्यावर कधी भूक दिसली, कधी दुःख. मूळ फीत आज नाही आणि अलीकडे प्रयोगशाळेत हा परिणाम कधी दिसला, कधी नाही. तरी २००७च्या ‘फोरब्रूडेल्सन’ या डॅनिश मालिकेतली पोलीस अधिकारी सारा लुंड बघताना मला कुलेशॉव आठवतोच. जाड लोकरी स्वेटर घालून ती बघत उभी राहते, बोलत नाही. पहिल्या पर्वात एकच खून आणि वीस भाग. एका भागात तपासाचा एक दिवस. एवढ्या अवधीत मेलेल्या मुलीच्या आईवडिलांचं स्वयंपाकघर आपल्या ओळखीचं होऊन जातं.

अशा वाचनानं माणूस अधिक समंजस होतो, असंही हौसेनं सांगितलं जातं. तिथे जरा जपून. २०१३मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात डेव्हिड किड आणि इमानुएले कास्तानो यांचा निबंध आला: साहित्यिक कथा थोडा वेळ वाचली, तरी नुसते डोळे पाहून दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याच्या चाचणीत गुण वाढतात. जगभर बातम्या झाल्या. पुढे इतर गटांनी मोठ्या संख्येनं माणसं घेऊन तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा परिणाम सापडला नाही. वर्षानुवर्षं वाचणाऱ्यांची गोष्ट वेगळी असू शकते, पण आज एक कथा वाचून उद्या सासूचं मन कळेल अशी आशा नको.

स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे, आइसलंड अशा उत्तरेकडच्या देशांत गुन्हेकथा का लिहिल्या जातात, याचं एक लाडकं स्पष्टीकरण म्हणजे अंधार. डिसेंबरात स्टॉकहोमला दिवस जेमतेम सहा तासांचा आणि आइसलंडमधल्या रेक्याविकला चारच, म्हणून तिकडची माणसं खुनाच्या गोष्टी लिहितात म्हणे. मला हे पटत नाही. ‘रोझअॅना’ सुरू होते ती भर उन्हाळ्यात, पर्यटकांच्या बोटी कालव्यातून जात असताना. नॉर्वेत तर गुन्हेकथा वाचायचा मोसमच ईस्टरचा, म्हणजे दिवस मोठे होत जातानाचा. १९२३च्या ईस्टरआधी ‘आफ्टनपोस्टन’ या दैनिकाच्या पहिल्या पानावर रेल्वेवरच्या दरोड्याचा ठळक मथळा झळकला. ती होती एका नव्या कादंबरीची जाहिरात, पण अनेकांना खरीच बातमी वाटली. तेव्हापासून ही रूढी पडली असं सांगतात आणि आता ईस्टरला दुधाच्या खोक्यांवरही छोट्या रहस्यकथा छापून येतात. बाहेर सुट्टीचं ऊन, बर्फावरून घसरून दमलेली माणसं आणि हातात खून. अंधाराचा संबंध कुठे आला?

मध्यंतरी वहिनीनं ‘रोझअॅना’ वाचायला मागितली. पेन्सिलीतलं ते नाव खोडावं की राहू द्यावं, यावर मी बराच विचार केला. लेविट-क्रिस्टनफेल्डवर माझा भरवसा आहे, वहिनीच्या रागावर त्याहून जास्त. खोडलं. दोन आठवड्यांनी पुस्तक परत देताना तिनं खुन्याचा विषयही काढला नाही. विचारलं, “त्या बेकचं आणि त्याच्या बायकोचं पुढे पटतं का हो, भाऊजी?”