प्रकाश स्वयंचलन, घरगुती (कोकण किनारपट्टी)

घरातील व अंगणातील दिवे वेळ, उजेड, माणसाची हालचाल किंवा दूरवरून आलेली आज्ञा यांनुसार आपोआप लागावेत, मंद व्हावेत आणि विझावेत यासाठी केलेली विद्युत व संगणकीय रचना. तिचे तीन भाग असतात : प्रवाह जोडणारे-तोडणारे रिले किंवा उजेड कमी-जास्त करणारे डिमर, परिस्थिती टिपणारे सेन्सर, आणि या दोहोंमध्ये नियम चालवणारा नियंत्रक. नियंत्रक म्हणजे कधी राउटरशेजारचा छोटा संगणक, कधी स्विचमागे बसवलेल्या मॉड्यूलमधली (रिले व रेडिओ असलेल्या छोट्या डबीतली) चिप, तर कधी परदेशातला सर्व्हर.

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या पट्ट्यात ही रचना विशेषतः तीन प्रकारच्या घरांना सोयीची ठरते : चाकरमान्यांची वर्षातला बराच काळ बंद असणारी गावची घरे, होमस्टे, आणि म्हातारे आईवडील एकटे राहतात ती घरे. गरजा वेगळ्या असल्या तरी बिघाडाची कारणे बहुतेक तीच असतात. वीज जाते-येते, वारा खारा आणि दमट असतो, भिंती जांभ्याच्या आणि जाड असतात. मॉड्यूल कोणत्या कंपनीचे घेतले यापेक्षा या तिन्हींची तजवीज आधी केली होती का, यावर या रचनेचे आयुष्य अधिक ठरते.

पार्श्वभूमी

घरातल्या विजेच्या तारांवरूनच आज्ञा पाठवणारी एक्स१० ही पद्धत स्कॉटलंडमधील ग्लेनरॉथेस येथील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९७५ मध्ये विकसित केली. १२० किलोहर्ट्झचे स्पंद प्रवाहाच्या शून्यबिंदूशी जुळवून पाठवले जात. १६ गृहसंकेत आणि १६ उपकरणसंकेत मिळून २५६ पत्ते होत. पुढे स्वतंत्र दोन तारांवर चालणारी केएनएक्स आणि खास दिव्यांसाठीची डाली (एका जोडणीवर ६४ पत्ते, १६ गट) या पद्धती रुळल्या. दोन्ही भक्कम आहेत, पण घर बांधतानाच तारा टाकाव्या लागतात. चिऱ्याच्या तयार भिंतीत झिरी मारून वेगळी तार ओढायला सहसा कोणी तयार होत नाही, म्हणून इथे बिनतारी पद्धतीच चालतात : वायफाय, २.४ गिगाहर्ट्झवरची झिगबी आणि भारतात ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारी झेड-वेव्ह. २०१४ च्या सुमारास आलेल्या ईएसपी८२६६ या स्वस्त वायफाय चिपमुळे किमती खाली आल्या. होम असिस्टंट हा मुक्तस्रोत नियंत्रक २०१३ पासून आहे. वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांशी बोलावीत म्हणून आखलेले मॅटर हे मानक २०२२ मध्ये आले.

बोर्डाच्या आत

आपल्याकडे दिव्यांची बटणे आणि प्लग एकाच बोर्डावर असतात, त्यामुळे मॉड्यूलला लागणारा न्यूट्रल (प्रवाह परत नेणारी तार) बोर्डात बहुधा सापडतो. अडते ते जिन्यातल्या किंवा पडवीच्या टोकाच्या एकट्या बटणाशी, जिथे फक्त फेज (प्रवाह आणणारी तार) खाली उतरवून परत वर नेलेली असते. तिथे बिनन्यूट्रलचे मॉड्यूल बसवले, तर ते स्वतः जिवंत राहण्यापुरता प्रवाह दिव्यातूनच ओढते, आणि दोन-तीन वॉटचा एलईडी बंद असतानाही मिणमिणतो किंवा लुकलुकतो. दिव्याला समांतर बायपास कपॅसिटर (हा थोडासा प्रवाह दिव्याला वळसा घालून नेणारा सुटा भाग) जोडला की हे थांबते.

साधे बटण बंद करूनही दिवा अंधुक जळत असेल, तर फेजऐवजी न्यूट्रल बटणातून फिरवला आहे का ते आधी पाहावे. तसे असेल तर दिवा विझलेला असतानाही होल्डरमध्ये फेज असते आणि दिवा बदलणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. लाल, पिवळी, निळी ती फेज, काळा न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंग हा संकेत आहे खरा. पण चार वायरमनचे हात फिरलेल्या जुन्या घरात रंगावर विश्वास न ठेवता मीटरने मोजावे. हे काम परवानाधारक वायरमनचेच आहे.

भिंतीवरचे बटण इंटरनेट, राउटर आणि नियंत्रक तिन्ही बंद असतानाही चालले पाहिजे. पाहुणे आणि आजी, दोघेही बटणच दाबतात. म्हणून स्मार्ट दिव्यापेक्षा (ज्याच्या आतच रेडिओ असतो) बटणामागे बसणारे रिले-मॉड्यूल इथे जास्त उपयोगी. स्मार्ट दिव्याचे बटण कोणी बंद केले की दिवा यादीतून नाहीसा होतो, आणि झिगबीच्या जाळ्यात तो पुढच्या दिव्यांना संदेश पोचवत असेल, तर त्याच्यामागचे दोन-तीन दिवेही गायब होतात. मॉड्यूलच्या सेटिंगमध्ये बटणाचा प्रकारही नीट निवडावा लागतो. नेहमीच्या वरखाली बटणाला घंटीच्या बटणाची सेटिंग दिली, तर दिवा एकदा दाबून लागतो आणि दोनदा दाबून विझतो. ‘मॉड्यूल खराब आहे’ म्हणून परत पाठवण्याआधी एवढे तपासावे.

नियमरचना

प्रत्येक नियमाला तीन अंगे असतात : कशामुळे, कोणत्या अटीवर, काय करायचे. दिवेलागणीचा नियम घड्याळाच्या ठरावीक वेळेवर बांधला की तो वर्षभर चुकत राहतो. रत्नागिरीत नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर जुलैच्या सुरुवातीस सव्वासातच्या सुमारास. गावाचे अक्षांश-रेखांश देऊन ‘सूर्यास्तापूर्वी १५ मिनिटे’ असा नियम लिहिणे हा त्यावर उपाय. पावसाळ्यात तोही अपुरा पडतो, कारण आभाळ भरून आले की दुपारी तीन वाजताच माजघरात काही दिसत नाही. तिथे प्रकाशसेन्सर लागतो. त्याला लागण्याची आणि विझण्याची पातळी वेगळी द्यावी. उदाहरणार्थ, ३० लक्सखाली (लक्स हे उजेडाचे माप) सलग पाच मिनिटे राहिल्यास लावणे आणि ८० लक्सवर सलग पाच मिनिटे राहिल्यास विझवणे. दोन्ही पातळ्या एकच ठेवल्या किंवा सेन्सरला तोच दिवा दिसत राहिला, तर दिवा लागतो, उजेड पाहून विझतो, पुन्हा लागतो, आणि हा खेळ रात्रभर चालतो.

सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित सेटिंग म्हणजे वीज परत आल्यावर दिव्याने काय करावे. पर्याय तीन असतात : चालू, बंद, पूर्वीप्रमाणे. कारखान्यातून ‘चालू’ असे येणाऱ्या मॉड्यूलमुळे पहाटे तीनला लाईट आली की सगळे घर उजळते आणि होमस्टेचे पाहुणे उठून बसतात. खोल्यांना ‘बंद’ आणि जिना व पडवीला ‘पूर्वीप्रमाणे’ हे बहुतेक घरांत बरे पडते. मात्र ‘पूर्वीप्रमाणे’ला मुदत असावी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर भागात किनाऱ्यावर धडकले, तेव्हा अनेक गावांत वीज कित्येक दिवस आली नाही. इतक्या काळानंतर आधीच्या स्थितीला काही अर्थ उरत नाही. नियंत्रक सुरू झाल्यावर दोन-तीन मिनिटे थांबून, वेळ तपासून सर्व दिव्यांची स्थिती नव्याने ठरवणारा एक नियम लिहिणे जास्त खात्रीचे. इंटरनेट नसेल तर वेळही चुकते, म्हणून नियंत्रकाला बॅटरीवर चालणारे घड्याळ जोडून द्यावे.

नियम वाढले की ते एकमेकांशी भांडू लागतात. हालचाल थांबल्यावर दहा मिनिटांनी पडवीचा दिवा विझवणारा नियम आणि रात्री अकरापर्यंत तोच दिवा चालू ठेवणारा नियम एकत्र आले, तर जो शेवटी चालला त्याचे खरे. यासाठी घराच्या अवस्था आखाव्यात : ‘माणसे आहेत’, ‘घर बंद’, ‘गणपती’. प्रत्येक नियमाने आधी अवस्था विचारावी. गणपतीत घर भरलेले असते, भजनी मंडळी रात्री केव्हाही येतात, आणि आरती चालू असताना मखरावरचा दिवा आपोआप विझणे कोणालाच परवडत नाही. त्या अवस्थेत आपोआप विझवणारे सगळे नियम स्थगित ठेवावेत.

बंद घरात माणसे असल्याचा आभास करण्यासाठी दिवे रोज थोड्या वेगळ्या वेळी लावण्याची सोय जवळपास सगळीकडे असते. कोकणातल्या वाडीत तिचा चोर फसवायला फारसा उपयोग नाही, कारण कोण मुंबईला गेले ते साऱ्या वाडीला ठाऊक असते. उपयोग उलट बाजूने होतो. रोज लागणारा दिवा आज लागला नाही की शेजारी फोन करतात.

नियम कुठे चालतात हाही प्रश्न आहे. इन्स्टिऑन या अमेरिकन कंपनीचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये अचानक बंद पडले आणि त्यांच्यावर विसंबलेल्या घरांतील दूरनियंत्रण ठप्प झाले. फायबर तुटले तरी दिवेलागण व्हावी असे वाटत असेल, तर नियम घरातच चालले पाहिजेत.

दोषनिवारण

शोध विजेपासून सुरू करून नियमापर्यंत जावे. बहुतेक लोक उलट करतात आणि मोबाइलमध्ये अर्धा दिवस घालवतात. आधी भिंतीवरचे बटण दाबावे. रिलेचा ‘टक्’ आवाज आला आणि दिवा लागला नाही, तर दोष दिव्यात, त्याच्या ड्रायव्हरमध्ये (एलईडीला योग्य वीज पुरवणाऱ्या भागात) किंवा रिलेच्या संपर्कबिंदूत आहे. आवाजच नसेल तर मॉड्यूलला वीज पोचत नाही. बटणाने सगळे ठीक पण ॲपने नाही, तर रेडिओ किंवा राउटर. ॲपनेही ठीक पण आपोआप होत नाही, तेव्हा कुठे नियमाची नोंदवही उघडावी : नियम सुरूच झाला नाही, की सुरू होऊन अटीवर अडला, हे तिथे दिसते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

लाईट जाऊन आल्यावर सगळीच उपकरणे ‘ऑफलाइन’ दिसण्यामागे बहुधा वेग असतो. मॉड्यूल काही सेकंदांत जागे होते, राउटरला दोन-तीन मिनिटे लागतात; काही मॉड्यूल तोवर प्रयत्न सोडून देतात. राउटर आणि फायबरचा डबा इन्व्हर्टरवर घेतला की हा दोष जवळजवळ नाहीसा होतो. प्रत्येक उपकरणाला राउटरमध्ये कायमचा पत्ता राखून ठेवावा. नवा राउटर आणल्यास जुनेच नाव आणि जुनाच पासवर्ड द्यावा, नाहीतर प्रत्येक मॉड्यूल पुन्हा जोडत बसावे लागते. यातली बरीच मॉड्यूल केवळ २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात.

जांभ्याची भिंत रेडिओलहरी बऱ्याच शोषते, आणि पावसात ओल धरली की आणखी. मे महिन्यात नीट चालणारा गोठ्यातला किंवा विहिरीवरचा दिवा जुलैत सापडेनासा होतो, तो यामुळे. खळ्यावर घातलेली पत्र्याची शेड लहरी अडवते ती वेगळीच. संकेताची ताकद मॉड्यूलच्या पानावर दिसते. ती डीबीएम या मापात असते : उणे ६७ च्या आसपास चांगली, उणे ८० च्या खाली बेभरवशाची. राउटर कपाटात न ठेवता दाराच्या किंवा खिडकीच्या रेषेत ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय. झिगबी आणि वायफाय एकाच पट्ट्यात असल्याने वायफाय १ किंवा ६ क्रमांकाच्या चॅनलवर आणि झिगबी २५ वर ठेवल्यास टक्कर टळते.

आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा सुरक्षा-स्विच) वारंवार पडणे हे पावसाळ्याचे नेहमीचे दुखणे आहे. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडण्याच्या आतच घरगुती आरसीसीबी उतरतो. बागेतल्या दिव्याच्या जोडात पाणी शिरले तर तेवढे पुरे. पाऊस नसतानाही, विशेषतः नवे मॉड्यूल बसवल्यावर तो पडू लागला, तर इन्व्हर्टरच्या सर्किटचा न्यूट्रल साध्या सर्किटच्या न्यूट्रलशी कुठेतरी एकत्र झाला आहे का ते शोधावे. गेलेला प्रवाह दुसऱ्या वाटेने परततो आणि आरसीसीबीला ती गळती वाटते. तो बायपास करून ‘काम भागवणारे’ भेटतात. त्यांना पुन्हा बोलावू नये.

खाऱ्या हवेने तांब्याला हिरवा कळक चढतो, स्क्रू सैल होतात, सैल जोड तापतो. कलई केलेली तार, पितळी स्क्रू, बाहेरच्या दिव्यांना आयपी६५ दर्जाची (धूळ व पाण्याचे फवारे आत न घेणारी) पेटी आणि केबल खालून आत घेणे एवढ्याने बराच फरक पडतो. उबेला मुंग्या आणि पाली बोर्डात येतात, म्हणून केबलची भोके बुजवावीत. पालींचा त्रास हालचाल टिपणाऱ्या सेन्सरलाही होतो : भिंगावरून पाल किंवा किडा सरकला की दिवा लागतो. हाच सेन्सर एप्रिल-मेच्या उकाड्यात उलट आंधळा होतो. तो शरीर आणि परिसर यांच्या तापमानातला फरक पाहतो, आणि तापलेल्या भिंतीपुढे तो फरक उरत नाही.

आज्ञा ‘बंद’ पण दिवा चालूच, याचा अर्थ रिलेचे संपर्कबिंदू चिकटले. एलईडी ड्रायव्हर लागताक्षणी नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह खेचतात. १० अँपिअर लिहिलेल्या रिलेवर अंगणातले सगळे फ्लडलाइट घालू नयेत. मंद केल्यावर लुकलुकणारा किंवा गुणगुणणारा दिवा डिमरशी जुळत नाही, किंवा इन्व्हर्टर चौकोनी तरंगाचा आहे.

वळवाच्या गडगडाटात आणि परतीच्या पावसात मॉड्यूल एकगठ्ठा जळतात. मुख्य बोर्डावर सर्ज संरक्षक (व्होल्टेजची अचानक उसळी अडवणारे साधन) आणि चांगले अर्थिंग हवे. विजेच्या कडकडाटाशिवायच दिवे अचानक प्रखर झाले, तर डीपीपासून येणारा न्यूट्रल तुटल्याची शंका घ्यावी. त्या स्थितीत २३० ऐवजी कितीतरी जास्त व्होल्ट घरात येतात. मेन ताबडतोब पाडावा आणि लाईनमनला बोलवावे.

छोट्या संगणकाचे मेमरी कार्ड वीज जाण्या-येण्याने खराब होते. नियमांची प्रत दुसरीकडे ठेवलेली नसेल, तर सगळे पुन्हा लिहावे लागते.

किनाऱ्याकडचे दिवे

वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत अंडी घालतात. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये संवर्धनाचे काम सुरू केले. अंड्यातून निघालेली पिल्ले रात्री क्षितिजाच्या जास्त उजळ बाजूकडे, म्हणजे एरवी समुद्राकडे, धावतात. होमस्टेचा पांढरा फ्लडलाइट त्यांना उलट दिशेला ओढतो. त्यामुळे नोव्हेंबर ते मे या काळासाठी वेगळी अवस्था आखून समुद्राकडचे दिवे सूर्यास्तानंतर बंदच ठेवावेत. वाटेला उजेड लागतोच, तिथे खाली तोंड केलेला, झाकणाचा, पिवळट-नारिंगी दिवा हालचालीवर दोन मिनिटांपुरता लावावा.

देखभाल

मेअखेर बाहेरच्या पेट्या उघडून जोड आवळणे, आरसीसीबीचे चाचणी बटण दाबून पाहणे, घड्याळाची बॅटरी तपासणे आणि नियमांची प्रत काढणे. घर बंद करून जाताना इन्व्हर्टरवर फक्त राउटर, नियंत्रक आणि एक दिवा ठेवावा. बाकीचे एमसीबी पाडावेत. कोणते मॉड्यूल कोणत्या दिव्याचे, याचा कागद मुख्य बोर्डाच्या दाराला आतून चिकटवावा, म्हणजे मालक मुंबईत असताना गावातला वायरमन फोनवर न विचारता काम करू शकतो.