जुन्या थडग्यातल्या हाडांची कार्बन चाचणी: ठाणे-नवी मुंबईतून अर्ज कोण, कुठे आणि कसा करू शकतो

पायलिंगच्या खड्ड्यात किंवा विहिरीच्या गाळात जुनाट हाडं निघाली की कुणीतरी लगेच म्हणतं, ‘कार्बन डेटिंग करून घेऊ या,’ म्हणजे मेल्यानंतर हळूहळू घटत जाणारा कार्बन-14 हाडात किती उरलाय त्यावरून वय काढू या. चाचणी होते, देशातच होते. पण सापडलेलं हाड घरी नेऊन, पाकिटात घालून परस्पर प्रयोगशाळेला कुरिअर करणं ही तिची पद्धत नाही. हाड कुठल्या थरातून आलं, ते कुणाच्या ताब्यात आहे आणि कापायची परवानगी कुणी दिली, हे कागदावर नसेल तर हाती येणाऱ्या आकड्याचा काहीही उपयोग नाही.

आधी पोलीस, मग जिल्हाधिकारी

हाड माणसाचं वाटत असेल तर काम थांबवून 112 लावा किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा. ते तीन हजार वर्षांपूर्वीचं आहे की तीस, हे साईटवर उभं राहून सांगता येत नाही. पोलीस पंचनामा करतील. त्याची प्रत मागून घ्या, पुढच्या फाईलमधला पहिला कागद तोच. अलीकडचं हाड ओळखायला कार्बनही मदत करतो: 1950 आणि 60च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-14 जवळपास दुप्पट झाला होता आणि त्यानंतर वाढलेल्या शरीरांत ती खूण उतरते. पण ते काम न्यायवैद्यक तज्ज्ञांचं, आपलं नव्हे.

हाडांबरोबर मणी, तांब्याची वस्तू, नाणं, भांडं असं काही असेल तर 1878चा निखात निधी कायदा लागू होऊ शकतो. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची, जमिनीत दडलेली वस्तू सापडली तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं: काय सापडलं, किती, कुठे आणि कोणत्या तारखेला. दहा रुपयांची ही मर्यादा मूळ कायद्यातली आहे, म्हणजे आज व्यवहारात सगळंच त्यात येतं. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अर्ज साध्या कागदावर चालतो. गट किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेले फोटो आणि पंचनाम्याची प्रत जोडा, आणि टपाल शाखेतून आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय परतू नका.

इथे नवी मुंबईकरांची गल्लत होते. दिघ्यापासून बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे जिल्ह्यात, म्हणून अर्ज ठाण्याला कोर्ट नाक्याजवळच्या जिल्हाधिकारी कार्यालयात. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल, उलवे, उरण रायगडमध्ये येतात, त्यांचे जिल्हाधिकारी अलिबागला. अर्जाची एक प्रत राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला द्यावी. जागा अंबरनाथच्या शिवमंदिरासारख्या केंद्र-संरक्षित स्मारकालगत असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळालाही द्यावी, त्यांचं कार्यालय शीव किल्ल्यात आहे. अशा स्मारकापासून 100 मीटर क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढचं 200 मीटर नियमित असतं.

तोवर हाडं धुऊ नका, घासू नका, आणि तुटलेलं जोडायला फेव्हिकॉल तर अजिबात लावू नका. असे डिंक खनिज तेलापासून बनतात, त्यांत कार्बन-14 शिल्लकच नसतो, त्यामुळे हाडाचं वय आहे त्यापेक्षा जास्त निघतं.

पात्र कोण

चाचणीसाठी अर्ज विद्यापीठ, संशोधन संस्था, राज्याचं पुरातत्त्व खातं किंवा परवानाधारक उत्खनन संचालक यांच्या नावाने जातो. एमए-पीएचडीचे विद्यार्थी मार्गदर्शक आणि विभागप्रमुखांच्या सहीने अर्ज करू शकतात. जागामालक, बिल्डर, इतिहासप्रेमी मंडळ यांनी संस्थेला सोबत घ्यावं. आणि हाडं मिळवण्यासाठी स्वतःच खणायला सुरुवात करू नये. 1958च्या प्राचीन स्मारक कायद्याप्रमाणे संरक्षित क्षेत्रात उत्खननाला परवाना लागतो, आणि संरक्षित नसलेल्या जागीही राज्य सरकारला केंद्राची पूर्वसंमती घ्यावी लागते.

ठाण्यातल्या विद्यार्थ्याने नवं हाड शोधण्यापेक्षा आधीच उत्खनन झालेल्या संग्रहावर प्रस्ताव करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. कोकणातली आम्ल जांभी माती आणि पावसाळा हाडं खाऊन टाकतो. घाटावर परिस्थिती थोडी बरी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 दरम्यान शिरूर तालुक्यातल्या इनामगावला उत्खनन केलं. तिथे लहान मुलांना तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत घालून घराच्या जमिनीखाली पुरलेलं आढळलं, आणि मोठ्या माणसांचे पाय घोट्याजवळ तोडलेले. विदर्भात जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड इथली शिळावर्तुळं, म्हणजे दफनांभोवती रचलेली दगडांची वर्तुळं आहेत. या हाडांवर जुन्या प्रश्नांची नवी उत्तरं मिळू शकतात, आणि नोंदी तयार असतात.

कागदपत्रं

अर्ज बहुतेक वेळा इथेच अडकतो. हाड ज्या संस्थेच्या ताब्यात आहे तिचं ना हरकत पत्र हवं, आणि त्यात ‘नमुना कापण्यास व नष्ट होण्यास संमती’ असं स्वच्छ लिहिलेलं असावं. नुसतं ‘अभ्यासास परवानगी’ पुरत नाही, कारण चाचणीत तेवढं हाड कायमचं जातं. उत्खनन परवान्याची प्रत, खड्डा क्रमांक, थर, खोली, दफन क्रमांक, त्या थराचं छेदचित्र आणि हाड जागेवर असतानाचा फोटो जोडायचा. संशोधन प्रस्ताव दोन-तीन पानांचा पुरे, पण त्यात नेमका प्रश्न हवा. ‘या थडग्याचं वय काढणे’ हा प्रश्न नव्हे. ‘एकाच वर्तुळातली दोन दफनं एका पिढीतली आहेत का’ हा प्रश्न आहे.

किती हाड लागणार, तेही लिहा. जुन्या पद्धतीत शेकडो ग्रॅम हाड जाळावं लागे. आता कार्बन-14चे अणू थेट मोजणाऱ्या एएमएस यंत्रावर मिलिग्रॅमभर कार्बन पुरतो, म्हणजे चांगल्या हाडाचा अर्धा ते एक ग्रॅम. मांडीच्या हाडाचा मधला जाड भाग मागावा. आतल्या कानाभोवतीचं घट्ट हाड डीएनएसाठी राखलेलं असतं, ते मागितलंत तर संग्रहालय नाक मुरडेल, आणि योग्यच करेल. कापण्याआधी मापं, फोटो आणि शक्य तर स्कॅन करून देण्याची हमी दिली की परवानगी लवकर मिळते.

प्रयोगशाळेच्या अर्जात अपेक्षित कालखंड, हाड कशात साठवलं होतं आणि त्यावर कोणतं रसायन लावलं, हे विचारतात. देशात दिल्लीचं इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटर, अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा आणि लखनौची बिरबल सहानी संस्था ही या कामाची परिचित ठिकाणं. 1960च्या दशकात हे काम कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) होत असे, म्हणून जुन्या अहवालांत ‘टीएफ’ने सुरू होणारे नमुना क्रमांक दिसतात. परदेशी प्रयोगशाळा निवडली तर 1972चा पुरावस्तू कायदा आडवा येतो. पुरावस्तूची निर्यात खासगी व्यक्तीला करता येत नाही, किमान सहा महिने कैद आहे. नमुना लहान आहे म्हणून सूट मिळेल असं गृहीत न धरता भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची लेखी परवानगी घ्या.

पूर्ण चाचणीआधी नायट्रोजनची प्राथमिक तपासणी करून मागावी, त्यावरून हाडात कोलाजेन, म्हणजे ज्याची तारीख काढतात ते प्रथिन, किती उरलंय याचा अंदाज येतो. हाडात 1 टक्क्याहून कमी कोलाजेन उरलं असेल तर तारीख विश्वासार्ह येत नाही, आणि आपल्या उष्ण हवेत असं वारंवार होतं. नमुना नापास झाला तर शुल्क किती, हे आधीच लेखी विचारून ठेवा.

समस्थानिकांचा प्रस्ताव वेगळा

वयाची चाचणी एक, आहार आणि स्थलांतराची दुसरी. ही दुसरी समस्थानिकांवर, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवर चालते. एकाच अर्जात दोन्ही मागता येतात, पण कारणं वेगळी द्यावी लागतात. भात, गहू, जव यांच्या कार्बनची खूण ज्वारी, बाजरी, नाचणीपेक्षा निराळी असते. नुसत्या पहिल्या गटावर जगलेल्या माणसाच्या कोलाजेनचा डेल्टा-13 आकडा (जड कार्बन-13चं प्रमाण दाखवणारा) उणे 21च्या आसपास, दुसऱ्या गटावर जगलेल्याचा उणे 7च्या आसपास. नायट्रोजनचा आकडा अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीला 3 ते 5ने चढतो, त्यावरून मांस-मासळीचा अंदाज येतो. किनाऱ्यावरच्या दफनांसाठी ही चाचणी सोडूच नये. समुद्रातला कार्बन मुळात जुना असतो, त्यामुळे मासळीवर जगलेल्या माणसाचं हाड काही शतकं जास्त वयाचं दिसतं, आणि ती दुरुस्ती आहार कळल्याशिवाय होत नाही.

माणूस कुठून आला हे पाहायला दाताचं एनॅमल लागतं. ते लहानपणी घडतं आणि पुढे बदलत नाही, आणि तिथल्या खडकांतलं स्ट्रॉन्शिअम हे मूलद्रव्य अन्न-पाण्यातून त्यात उतरलेलं असतं. दख्खनच्या बेसॉल्टवर वाढलेल्याचं स्ट्रॉन्शिअम गुणोत्तर कमी, पूर्व विदर्भातल्या पुराण्या ग्रॅनाइट-नाइस खडकांवर वाढलेल्याचं जास्त. तुलनेसाठी त्याच परिसरातल्या वनस्पती किंवा प्राण्यांच्या दातांचे नमुनेही प्रस्तावात मागा, नाहीतर आकडा अधांतरी राहतो.

अहवाल हाती आल्यावर

‘बीपी’ म्हणजे 1950 पूर्वीची वर्षं, आजपासून मागे नव्हे. हा कच्चा आकडा इंटकॅल20 वक्राने, म्हणजे कार्बन वर्षांचं कॅलेंडर वर्षांत रूपांतर करणाऱ्या आलेखाने, दुरुस्त करून 95 टक्के संभाव्यतेची मर्यादा द्यायची असते. कोलाजेनमधलं कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर 2.9 ते 3.6च्या बाहेर असेल तर ती तारीख वापरू नये. विदर्भातल्या लोहयुगीन दफनांवर काम करणाऱ्यांनी एक अडचण आधीच ओळखावी: इ.स.पू. 800 ते 400 दरम्यान हा वक्र जवळजवळ सपाट आहे, त्यामुळे एकच तारीख तीन-चार शतकांत पसरते. म्हणून अशा ठिकाणी एका नमुन्याचा प्रस्ताव देऊच नये. थरांचा क्रम माहीत असलेले पाच-सहा नमुने मागितले तर त्या क्रमाचा आधार घेऊन मर्यादा आवळता येते. उरलेला तुकडा परत मागवून, प्रयोगशाळेचा नमुना क्रमांक मूळ संग्रहाच्या नोंदवहीत चढवून घ्यावा आणि अहवालाची प्रत ना हरकत देणाऱ्या संस्थेकडे पोच घेऊन जमा करावी.