शितावरून परीक्षा न होणारा भात

रात्रीचा उरलेला भात सकाळी गरम करून खाल्ला आणि तासा-दोन तासांत उलट्या सुरू झाल्या, तर बोट दाखवलं जातं ते परत गरम करण्याकडे. ‘भात दुसऱ्यांदा गरम करू नये’ हा सल्ला त्यातूनच आलेला. पण घोटाळा गॅसवर होत नाही आणि मायक्रोवेव्हमध्येही नाही. तो आदल्या रात्रीच उरकलेला असतो. झाकण लावून ओट्यावर ठेवलेल्या पातेल्यात, कढत भात गार होता होता जे तास जातात, त्या तासांत.

हा उद्योग करणाऱ्या जीवाणूचं नाव बॅसिलस सेरियस. १८८७ मध्ये फ्रँकलंड दांपत्याने त्याचं पहिलं वर्णन केलं. लॅटिनमध्ये ‘सेरियस’ म्हणजे मेणासारखा; प्रयोगशाळेतल्या थाळीवर त्याच्या वसाहती मेणासारख्या निस्तेज दिसतात, म्हणून हे नाव. राहतो तो मातीत. त्यामुळे शेतातून आलेल्या तांदळावर तो थोडाफार असतोच, आणि कितीही धुतला तरी पूर्ण जात नाही. तांदळावर तो असतो बीजाणूच्या रूपात. बीजाणू म्हणजे जीवाणूने स्वतःला बंद करून घेतलेली कुपी: आत पाणी अगदी कमी, बाहेर एकावर एक चिवट आवरणं. अशा कुपीला पाण्याची उकळी सोसते. प्रेशर कुकरमध्ये तापमान १२० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं आणि बीजाणू बरेच कमी होतात, पण भात तेवढ्या तापमानात असतो जेमतेम काही मिनिटं. शिवाय झाकण उघडल्यावर डाव, भांडं, हात यांच्याबरोबर नवे येतातच. तेव्हा कुकरमधला भात निर्जंतुक आहे असं धरून चालू नये.

गंमत अशी, की शिजवण्याने हे बीजाणू सगळे मरत तर नाहीतच, उलट उरलेल्यांना त्या उष्णतेने जागे व्हायला मदत होते. बाकीचे जीवाणू मेलेले असतात. समोर ओलसर, मऊ, पिठूळ अन्न आणि स्पर्धा कुणाची नाही. भात ५० अंशांच्या खाली उतरला, की कुपी फुटते आणि वाढ सुरू होते. ३० अंशांच्या आसपास या जीवाणूंची संख्या साधारण अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकते. एक ग्रॅम भातात १० जीवाणू धरले, तरी आठ तासांत १६ दुपटी होतात आणि त्या दहांचे साडेसहा लाख होतात. ग्रॅममागे लाखाच्या पुढे आकडा गेला, की हे जीवाणू तयार करतात त्या विषाची चिंता करायची वेळ आली असं समजावं.

त्या विषाचं नाव सेरुलाइड. बारा घटकांची छोटी, बंद साखळी. पोटॅशियमचा कण ती आपल्या पोटात घेते आणि पेशीच्या पडद्यातून आरपार नेते. त्यामुळे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांचं काम बिघडतं. पोटातल्या मज्जातंतूंना चेतवून उलटी घडवते तीही हीच. पण स्वयंपाकघराच्या दृष्टीने तिचा महत्त्वाचा गुण वेगळाच: १२१ अंशांवर ९० मिनिटं तापवूनही ती शाबूत राहते. जठरातलं आम्ल आणि पाचक रसही तिचं काही बिघडवू शकत नाहीत. म्हणजे सकाळी भात वाफाळेपर्यंत गरम केला, तर जीवाणू मरतात आणि त्यांनी रात्रभर केलेलं विष जसंच्या तसं ताटात येतं. अर्ध्या तासापासून सहा तासांपर्यंत केव्हाही मळमळ आणि उलट्या सुरू होतात.

याच जीवाणूचा दुसरा आजार जुलाबांचा. तो ६ ते १५ तासांनी सुरू होतो. इथे जिवंत जीवाणू पोटात जाऊन आतड्यात विष तयार करतात, आणि ते विष उष्णतेने मोडतं. या प्रकारात नीट गरम करण्याचा खरोखर उपयोग होतो. नॉर्वेतल्या स्टायनार हाउगे या संशोधकाने १९५५ मध्ये हा प्रकार सिद्ध केला तो स्वतःवरच: या जीवाणूंनी भरलेला व्हॅनिला सॉस तो चक्क प्यायला आणि रीतसर आजारी पडला. उलट्यांचा प्रकार आणि भात यांचं नातं मात्र १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये उघड झालं. तिथल्या उपाहारगृहांत भात मोठ्या प्रमाणावर शिजवून बाहेरच ठेवत, कारण फ्रिजमध्ये त्याचे गोळे होतात आणि तो मोकळा परतता येत नाही. मागणी आली, की दोन मिनिटं मोठ्या आचेवर परतून वाढायचा. विषाला यात कसलाच अडथळा नव्हता.

सेरुलाइडला वास नाही, चव नाही. भाताला तार सुटली, आंबूस वास आला, तो बुळबुळीत झाला, तर टाकून द्यायचा हे उघडच आहे. पण अगदी स्वच्छ, मोकळा दिसणारा भातही विषारी असू शकतो. शितावरून भाताची परीक्षा करायची जुनी रीत इथे पुरती फसते. इथे परीक्षा घड्याळाची आणि तापमानाची.

म्हणून सगळा भर गार करण्यावर. भात उष्णता धरून ठेवतो. बाहेरचा थर थंड झाला तरी मधला गोळा कित्येक तास कोमट राहतो, आणि तो कोमटपणा जीवाणूंना नेमका मानवतो. आतून बाहेर उष्णता यायला लागणारा वेळ थराच्या जाडीप्रमाणे वाढत नाही, साधारण जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. थर ४ सेंटिमीटरऐवजी १२ सेंटिमीटर झाला, तर वेळ तिपटीवर थांबत नाही, नऊपटीकडे सरकतो. पातेल्यातला भात तसाच ठेवणं आणि पसरट ताटात काढणं यात एवढा फरक आहे.

दुसरी मदत वाफेची. पाण्याचा प्रत्येक ग्रॅम वाफ होऊन जाताना सुमारे २,२६० ज्यूल उष्णता घेऊन जातो. किलोभर भात एका अंशाने गार व्हायला त्यातलं जेमतेम दीड ग्रॅम पाणी उडालं तरी पुरतं. झाकण ठेवलं, की ही वाफ परत आतच ठिबकते आणि फुकटची मिळणारी थंडाई बंद होते. त्यामुळे पसरट ताटात ३ ते ४ सेंटिमीटरचा थर करावा, काट्याने किंवा डावाच्या कडेने मोकळा करावा, दर पाच मिनिटांनी वरखाली करावा आणि वाफ निवेपर्यंत झाकू नये. पंख्याची झुळूक असेल तर उत्तम. माशा-धुळीची भीती असेल तर बारीक जाळी चालते. भात खूपच असेल, तर भांडं थंड पाण्यात ठेवून ढवळावा आणि पाणी कोमट झालं की बदलावं. उष्णता वाहून नेण्यात पाणी हवेच्या वीसपटीहून सरस आहे. चाळणीत घेऊन थंड पाण्याखाली धुतला, तर सगळ्यात लवकर गार होतो, पण चव जाते आणि पाणी पिण्यालायक लागतं.

किती वेळात? ब्रिटनमधला अधिकृत सल्ला असा, की भात तासाभरात गार करून फ्रिजमध्ये ठेवावा आणि २४ तासांत संपवावा. अमेरिकेत दोन तासांपर्यंत सूट आहे, हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. आणि फ्रिजमधलं शिजवलेलं अन्न तीन-चार दिवस चालतं असं मानतात. दोन्ही नियमांमागचं विज्ञान एकच, फक्त धोका किती पत्करायचा याचा हिशेब वेगळा. भाताच्या बाबतीत ब्रिटिश नियम धरावा, हे बरं. अमेरिकी सवलत वापरायची, तर फ्रिज खरोखर ५ अंशांच्या खाली चालतो याची खात्री हवी. ती करणं सोपं आहे: पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर ठेवून पेला रात्रभर मधल्या कप्प्यात ठेवायचा आणि सकाळी दार उघडल्याबरोबर वाचायचा. दाराचा कप्पा सतत उघडझापीने जास्त कोमट राहतो, तिथे भात ठेवू नये.

‘कढत वस्तू फ्रिजमध्ये ठेवू नये’ यात तथ्य आहे, पण ते पातेलंभर वाफाळत्या भाताबद्दल. त्याने शेजारचं दूध आणि भाज्याही कोमट होतात. पसरट डब्यातला, हाताला उबदार लागेल इतपत निवलेला भात सरळ ठेवावा. पूर्ण गार होण्याची वाट बघत ओट्यावर विसरण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं. सुरुवातीला झाकण थोडं तिरकं ठेवावं, अर्ध्या तासाने घट्ट लावावं. आणि फ्रिज म्हणजे कुलूप नव्हे, ब्रेक. या जीवाणूचे काही प्रकार थंडीतही रेंगाळत वाढतात.

फ्रिजमधला भात टणक होतो तो सुकल्यामुळे नव्हे. शिजताना स्टार्चच्या साखळ्या फुगून मोकळ्या होतात. गार होताना त्या पुन्हा शेजारी-शेजारी चिकटून स्फटिक बनवतात, आणि हे सगळ्यात जोमाने घडतं फ्रिजच्याच तापमानाला. या साखळ्या दोन प्रकारच्या: फांद्या असलेल्या अमायलोपेक्टिनच्या आणि सरळ अमायलोजच्या. अमायलोपेक्टिनचे स्फटिक ६० अंशांच्या आसपास वितळतात, म्हणून पाण्याचा शिपका मारून गरम केला की भात पुन्हा मऊ पडतो. अमायलोजचे मात्र १०० अंशांच्या वर गेल्याशिवाय मोडत नाहीत. दुसऱ्या दिवसापुढे ठेवायचा असेल, तर फ्रीझर बरा: उणे १८ अंशांवर जीवाणू वाढत नाहीत आणि स्फटिक बनायलाही उसंत मिळत नाही. एका वेळेचा साधारण २०० ग्रॅम भात पिशवीत दोन सेंटिमीटरचा चपटा थर करून गोठवावा. तो बाहेर वितळवत बसू नये, थेट गरम करावा.

गरम करताना मधोमध ७५ अंश गाठायचे. मायक्रोवेव्हमध्ये लहरी काही सेंटिमीटरच आत जातात, तेव्हा ढीग करून ठेवला तर कडेचं शीत चटका देतं आणि मधलं थंडगार असतं. इथेही एका शितावर विश्वास नको. वाटीभर भाताला एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर पाणी शिंपडावं, मध्ये खळगा ठेवून कडेने गोल पसरावा, झाकावा. ८०० वॅटवर फ्रिजमधल्या भाताला दीड-दोन मिनिटं आणि गोठलेल्याला तीन-चार मिनिटं लागतात. अर्ध्या वेळेला काढून ढवळावा, शेवटी मिनिटभर झाकूनच ठेवावा. गॅसवर करताना तळाशी थोडं पाणी, घट्ट झाकण आणि मंद आच. सगळीकडून वाफ यायला लागली की झालं. एकदा गरम केलेला भात उरला तर टाकावा. पुन्हा गार होताना तो त्याच कोमट टप्प्यातून जातो, आणि गरम करण्यातूनही बीजाणू वाचलेले असतातच.

खोलीच्या तापमानाला रात्रभर राहिलेला भात फ्रीझर वाचवत नाही, कढई वाचवत नाही आणि मसालाही वाचवत नाही. इलेक्ट्रिक राइस कुकरच्या ‘गरम ठेवा’ या सोयीवर ठेवलेला भात चालतो, पण ६० अंशांच्या वर राहत असेल तरच. ते मधल्या भातात थर्मामीटर खुपसून एकदा बघून घ्यावं.

उलट्या झाल्याच, तर बहुतेकांना २४ तासांत उतार पडतो. मीठ-साखरेचं द्रावण घोटा-घोटाने देत राहावं. तयार विषावर प्रतिजैविकं काही करत नाहीत. क्वचित सेरुलाइड यकृतावर घाला घालतं. ब्रसेल्समध्ये २००८ साली एका तरुणाचा असा मृत्यू झाला. ‘शिळ्या भाताचा बळी’ म्हणून ती हकिगत समाजमाध्यमांवर फिरत असते. प्रत्यक्षात ती होती पाच दिवस बाहेर राहिलेली स्पॅगेटी. तान्ही मुलं, वृद्ध, गर्भवती आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांना जास्त जपावं लागतं. एक दिवस उलटूनही उलट्या थांबत नसतील, लघवी कमी झाली असेल, रुग्ण गुंगीत असेल किंवा डोळे पिवळे दिसत असतील, तर थेट रुग्णालय गाठावं, आणि काय खाल्लं व ते किती वेळ बाहेर होतं हे डॉक्टरांना आधी सांगावं.