पोट भरलेल्या पाण्यांची भूक

परवा ताईचा फोन आला. आवाजात काळजी. "अरे, पोरगी मेक्सिकोला चाललीय. ऑक्सिजनचे सिलिंडर पाठीला बांधून गुहेत शिरणार म्हणे. तू जरा बोल तिच्याशी."

म्हटलं, सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो, ताई. साधी हवा असते, गाळून, कोरडी करून, दाबून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन घेऊन सहा मीटरच्या खाली गेलं तर झटके येऊन माणूस बुडू शकतो. बातम्यांमध्येही बिनदिक्कत "ऑक्सिजन सिलिंडर लावून समुद्रात उतरले" असं छापून येतं, त्यामुळे ताईचा दोष नाही. तिचा पुढचा प्रश्न मात्र अगदी मुद्द्याचा होता. "मग त्यात तो मेला नायट्रोजन कशाला भरतात?"

मुद्दाम कोणी भरत नाही; हवेतच तो ७८ टक्के असतो. पण डायव्हिंगच्या सहलीचं वेळापत्रक ठरवतो तो हाच.

भाची ह्यूस्टनला असते. ओपन वॉटरचं, म्हणजे डायव्हिंगचं पहिल्या पायरीचं, सर्टिफिकेट तिने गेल्या वर्षी मिळवलंय. तिने आखलेला बेत असा होता: आधी दोन दिवस तुलूमजवळच्या सेनोतेंमध्ये, म्हणजे पाण्याने भरलेल्या गुहांमध्ये, मग तीन दिवस कोझुमेल बेटावर प्रवाळांमध्ये, शेवटची बुडी दुपारी तीनला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला विमान. मी दोन सूचना केल्या. क्रम उलटा कर, आणि विमानाआधी एक दिवस कोरडा ठेव.

कोरडा दिवस कशाला, तर गोटीसोड्याची उपमा सगळेच देतात, मीही देतो. समुद्रात दर दहा मीटरला हवेच्या एका वातावरणाएवढा दाब वाढतो. वीस मीटरवर तो तिप्पट होतो आणि श्वासातला नायट्रोजन त्या प्रमाणात रक्तात, स्नायूंत, चरबीत विरघळतो. बाहेर यायला त्याला वेळ लागतो. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ हॉल्डेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ साली याचं गणित मांडलं: शरीराचा काही भाग पाच मिनिटांत निम्मा भरतो किंवा रिकामा होतो, काहींना तासाहून जास्त लागतो. विमानाच्या केबिनमध्ये दाब असतो साधारण २,४०० मीटर उंचीवरच्या डोंगराएवढा. आत नायट्रोजन शिल्लक असताना तिथे गेलं की बाटलीतली गोटी खाली दाबल्यासारखंच: बुडबुडे, पण अंगात. अनेक दिवस अनेक बुड्या मारल्या असतील तर निदान अठरा तास थांबावं असा संकेत आहे. भाचीचे सोळाच भरत होते. मी तर चोवीस म्हणतो. आणि हो, उंची विमानाचीच हवी असं नाही. मालवणला दिवसभर खोल बुड्या मारून संध्याकाळी आंबोली घाट चढणाऱ्यांनीही हा हिशेब करावा. आंबोली सुमारे सातशे मीटरवर आहे. तारकर्लीला प्रशिक्षकाचा हात धरून उथळ पाण्यात वीस मिनिटं मासे बघितले असतील, तर फार काही साठत नाही.

क्रम उलटा करायचं एक कारण यातच आहे. कोझुमेलच्या बुड्या खोल, तर दोस ओहोससारख्या सेनोतेच्या साधारण दहा मीटरच्या. खोल आधी, उथळ नंतर. दुसरं कारण पायांचं. कोझुमेलला पालान्कारच्या प्रवाळांवर प्रवाहच तुम्हाला वाहून नेतो आणि वर बोट बुडबुड्यांचा माग काढत येते. पाय फारसे मारावेच लागत नाहीत, त्यामुळे पाण्यात आडवं आणि स्थिर राहण्याचा सराव तीन दिवसांत आपोआप होतो. गुहेत त्याचीच गरज असते. तळाशी गाळ असतो. सायकल चालवल्यासारखे पाय मारले की तो उसळतो आणि दोन मिनिटांत स्वतःचा हात दिसेनासा होतो. बेडकासारखे पाय मारावे लागतात.

प्रवाळांबद्दल थोडक्यात. २०१८ पासून त्या किनाऱ्यावर दगडी प्रवाळांचं मांस गळवणारा एक रोग पसरलाय, तेव्हा जुने फोटो बघून जाऊ नये. बेटाभोवतीचा समुद्र १९९६ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. सनस्क्रीन हॉटेलवर ठेवायचं, अंगात लांब बाह्यांचा शर्ट घालायचा.

आता गुहा. हे खरं माझं वेड.

तुलूम ज्यावर आहे त्या युकातान द्वीपकल्पाचा उत्तर भाग म्हणजे चुनखडकाचा एक अफाट सपाट पाट. पाऊस भरपूर, तरी जमिनीवर नदी म्हणून दिसत नाही. पाणी सगळं खालून वाहतं. २०१८ मध्ये साक आक्तून आणि दोस ओहोस या दोन गुहा आतून जोडलेल्या निघाल्या आणि लांबी भरली सुमारे ३४७ किलोमीटर. एवढा खडक गेला कुठे?

शाळेतली चुन्याची निवळी आठवा. नळीने फुंकलं की दुधाळ होते, "कार्बन डायऑक्साइड आहे हे सिद्ध झालं", बाई पुढच्या बाकाकडे वळल्या. पण कोणी व्रात्य पोरगं फुंकतच राहिलं तर निवळी पुन्हा स्वच्छ होते. जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडमुळे तयार झालेलं कॅल्शियम कार्बोनेट विरघळून बायकार्बोनेट होतं. गुहा होते ती या दुसऱ्या फुंकरीने. फुंकणारं असतं जंगल: मुळांचा श्वास आणि पाचोळ्याचं कुजणं यांमुळे मातीतल्या हवेत बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट कार्बन डायऑक्साइड असतो.

अडचण पुढे आहे. हे पाणी खडकात थोडं झिरपलं की त्याचं पोट भरतं. आणखी चुना ते विरघळवू शकत नाही. किनाऱ्याकडून आत शिरलेल्या समुद्राच्या पाण्याचं तर आधीपासूनच भरलेलं असतं. दोघंही तृप्त. मग किनाऱ्याजवळ, दहा-पंधरा मीटर खोलीवर, एवढ्या प्रचंड गुहा कोणी खाल्ल्या?

उत्तर असं की पोट भरलेली दोन पाणी मिसळली की मिश्रणाला पुन्हा भूक लागते. स्विस भूवैज्ञानिक आल्फ्रेड ब्योग्ली याने १९६० च्या दशकात हे मांडलं. गणित ढोबळपणे असं: पाण्यात मावणारा चुना हा कार्बन डायऑक्साइडच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतो. समजा एका पाण्यात कार्बन डायऑक्साइड १ भाग आहे. चुना मावतो १ भाग. दुसऱ्यात ८ भाग. आठचं घनमूळ २, म्हणजे चुना २ भाग. दोन्ही काठोकाठ भरलेली. निम्मं-निम्मं मिसळलं. चुना झाला दीड भाग, कार्बन डायऑक्साइड साडेचार. साडेचारचं घनमूळ सुमारे १.६५. म्हणजे मावू शकतो १.६५ आणि आहे १.५. जागा झाली! आलेखाची कमान वर फुगलेली आहे आणि मिश्रण मात्र कमानीच्या दोन टोकांना जोडणाऱ्या सरळ रेषेवर बसतं, कमानीच्या खाली. एकात मीठ असेल तर गुंता वाढतो, कारण सोडियम आणि क्लोराइडच्या गर्दीत कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना सहज भेटत नाहीत, आणि तो परिणामही सरळ रेषेत जात नाही. इथे कोणी वाचक गळला असेल तर त्याने एवढंच लक्षात ठेवावं: जिथे गोडं आणि खारं पाणी भेटतं तिथे खडक झिजतो. त्याच किनाऱ्यावरची शेल-हा ही खाडी अशीच कोरली गेली, असं अमेरिकी भूजलशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवलं.

ही भेट डोळ्यांनी दिसते. चाक मूल नावाच्या सेनोतेत मी एकदा उतरलो होतो. वर गोडं पाणी, काचेसारखं. दहा-बारा मीटरवर वाटाड्याच्या पायातले फिन एकाएकी विरघळू लागले. आधी कडा गेल्या, मग रंग. मनगटावरच्या कॉम्प्युटरचे आकडे सरबतात साखर हलवताना दिसतात तसे वळवळत होते. मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. आणखी मीटरभर खाली गेलो आणि सगळं पुन्हा लख्ख, पाणी किंचित उबदार. दोन्ही पाणी प्रकाश वेगवेगळा वाकवतात आणि पुढचा माणूस पायांनी त्यांची सीमा ढवळतो, म्हणून मागच्याला धूसर दिसतं. त्याच्या थेट मागे न राहता जरा बाजूने जायचं. त्या सीमेवरच्या भिंती किडलेल्या लाकडासारख्या जाळीदार असतात.

सीमा नेमकी तिथेच का? खारं पाणी अडीच टक्के जड असतं, म्हणून गोड्या पाण्याचा थर त्यावर तरंगतो: समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल तर खाली चाळीस मीटर. दहा मीटरवर सीमा म्हणजे वर फक्त पंचवीस सेंटिमीटर, म्हणजे साधारण वीतभर पाणी. वर तेवढा उपसा झाला की खालून खारं दहा मीटर वर चढतं. कोकणात किनाऱ्याकाठच्या विहिरी पंप बसवल्यावर मचूळ होतात, तिथेही खारं पाणी असंच पुढे सरकतं. याच अडीच टक्क्यांमुळे शंभर किलोचा डायव्हर, सामानासकट, गोड्या पाण्यात अडीच किलो कमी तरंगतो. कोझुमेलला कमरेला जेवढं शिसं लावलं असेल त्यातलं दोन-अडीच किलो सेनोतेत काढून ठेवायचं.

छताला लवणस्तंभ लटकलेले दिसतात. ते पाण्यात वाढत नाहीत, हवेतच थेंबाथेंबाने बनतात. म्हणजे गुहा एके काळी कोरड्या होत्या. वीस हजार वर्षांपूर्वी समुद्र सुमारे १२० मीटर खाली होता.

तुलूमच्या जाहिरातींत हल्ली सेनोतेची "उपचार करणारी ऊर्जा" विकली जाते. त्यात ऊर्जा आहे ती पंचवीस अंश सेल्सियसच्या पाण्याची. तासाभरात दात वाजतात, जाड वेटसूट घ्यावा. दुसरी आवडती थाप म्हणजे सगळ्या सेनोते डायनोसॉर मारणाऱ्या अशनीने पाडल्या. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या त्या विवराच्या कडेने सेनोतेंची एक कमान आहे खरी, पण ती मेरिदा शहराच्या बाजूला. तुलूमच्या गुहा तिच्यापासून बऱ्याच दूर आहेत आणि त्यांना अशनीची गरज पडलेली नाही.

ताईच्या काळजीचं उत्तर उरलं. भाची जिथे जाणार तिथे बाहेरचा उजेड सतत दिसत राहतो, पृष्ठभागापासून, खोली आणि आडवं अंतर मिळून, साठ मीटरच्या पलीकडे जायचं नाही, वाटाड्यामागे चौघांपेक्षा जास्त नाहीत, आणि वाटेत दोरी अंथरलेली असते. हवेचा एक तृतीयांश जायला, एक यायला, एक राखीव: २०० बार दाबाने भरलेला सिलिंडर १३३ वर आला की माघार, मग पुढे काहीही दिसो. दोरी जिथे खऱ्या काळोखात शिरते तिथे विळा घेतलेल्या यमदूताचा फलक असतो. वाटाडे पाठ केल्यासारखे तिथून वळतात.

नवं वेळापत्रक काल आलं. कोझुमेल आधी, सेनोते नंतर. विमानाच्या आदल्या दिवसासमोर भाचीने एकच शब्द लिहिलाय: झोप.