चिलटाच्या मेंदूतल्या गल्ल्या

मे महिन्यात आमच्या बेळगावात खानापूरकडचा फणस घरात फोडला की दुसऱ्या दिवशी त्याच्या सालींवर तांबड्या डोळ्यांची बारीक चिलटं जमतात. शेजारच्या कन्नड काकू त्यांना सरसकट ‘नोण’ म्हणतात. प्रयोगशाळेतली ड्रॉसोफिला ती हीच. आंबा-पेरूवाल्यांना छळणारी, जिच्यासाठी बागेत मिथाइल युजेनॉलचे सापळे टांगतात, ती फळमाशी वेगळी. मराठीत दोघींनाही ‘फळमाशी’ म्हटलं की गोंधळ ठरलेला, म्हणून मी इथे चिलटच म्हणणार आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये एका चिलटमादीच्या मेंदूचा संपूर्ण नकाशा प्रसिद्ध झाला : १,३९,२५५ चेतापेशी आणि पाच कोटींहून जास्त जोडण्या. कोण कुणाला जोडलेलं आहे, हे त्यातून कळलं. पण वाढत्या गर्भात एका चेतापेशीचा धागा नेमक्या दुसरीपर्यंत पोचला कसा, हा प्रश्न या नकाशापेक्षा शंभरावर वर्षांनी जुना आहे.

१८९० मध्ये सांतियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाला कोंबडीच्या गर्भात वाढत्या अक्षतंतूच्या, म्हणजे चेतापेशीतून निघणाऱ्या लांब धाग्याच्या, टोकाशी एक फुगीर शंकू दिसला. हा शंकू रसायनांचा माग काढत पुढे सरकत असणार, असं त्याने मांडलं. त्याच्यासमोर होती ती रंगवलेली, मेलेली ऊती. तरीही अंदाज बरोबर निघाला. मधल्या काळात मात्र वारं फिरलं. तंतू वाट मिळेल तिकडे जातात आणि मेळ नंतर बसतो, असं पॉल वाइससारखे वजनदार लोक म्हणू लागले. ते खोडून काढलं त्यांच्याच विद्यार्थ्याने. रॉजर स्पेरीने १९४०च्या दशकात पाणसरड्याची दृष्टीची नस तोडून डोळा उलटा फिरवला. नस पुन्हा वाढली, प्राण्याला दिसू लागलं, पण वर धरलेल्या भक्ष्यावर तो खाली झेप घ्यायचा. किती का चुकेना, सुधारणा नाही. म्हणजे तंतू आपापल्या जुन्याच पत्त्यावर परतले होते. प्रत्येक पेशीवर रासायनिक ओळखखूण असते, असं स्पेरीने १९६३ मध्ये लिहिलं.

विचार देखणा होता, पण हिशेब जुळत नव्हता. चिलटाची जनुकं जेमतेम चौदा हजार. इतक्या जोडण्यांना स्वतंत्र खुणा पुरवायच्या कुठून?

उत्तराचा पहिला तुकडा बर्कलीत कोरी गुडमन यांच्या गटाला मिळाला. चिलटाच्या गर्भातला मज्जारज्जू शिडीसारखा दिसतो : दोन उभे दांडे आणि मध्यरेषा ओलांडणाऱ्या आडव्या पायऱ्या. बहुतेक तंतू ती रेषा एकदाच ओलांडतात आणि पलीकडच्या बाजूने चालू लागतात. १९९३ मध्ये त्यांनी जनुकांतले दोन बिघाड जाहीर केले. एकात कुणीच रेषा ओलांडत नव्हतं. दुसऱ्यात तंतू पुन्हापुन्हा ओलांडून गोल फिरत राहायचे, नवखा दुचाकीवाला चन्नम्मा सर्कलला घालतो तशा प्रदक्षिणा. या दुसऱ्या जनुकाला नाव पडलं ‘राउंडअबाउट’, लाडाने रोबो.

रोबो म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचा रिसेप्टर, बाहेरची खूण टिपणारं प्रथिन. मध्यरेषेवरच्या पेशी ‘स्लिट’ नावाचं प्रथिन सोडतात. रोबोला ते लागलं की शंकू मागे हटतो. स्लिट हीच रोबोची जोडीदार, हे १९९९ मध्ये पक्कं झालं. मग तंतू पहिल्यांदा तरी रेषा ओलांडतो कसा? मला या सगळ्या इतिहासात सर्वांत आवडणारी गोष्ट ही. ओलांडायच्या आधी ‘कॉमिशरलेस’ हे प्रथिन (वरचा पहिला बिघाड याच्याच जनुकातला) रोबोला पृष्ठभागावर पोचूच देत नाही, पेशीच्या आतच परस्पर निकालात काढतं. तेवढ्या वेळात नेट्रिन हे दुसरं प्रथिन तंतूला मध्याकडे ओढतं. पलीकडे पाय पडला की कॉमिशरलेस थांबतं, रोबो वर येतो आणि परतीचं फाटक बंद. टिळकवाडीत पहिलं गेट पडलं की आपण हॉर्न वाजवत थांबतो. इथे गेट एकाच बाजूने पडतं आणि पुन्हा उघडत नाही. माणसातही रोबोचा भाऊबंद आहे. रोबो-३ बिघडला तर मेंदूतले काही तंतू बाजू बदलत नाहीत. अशा माणसांना नजर डावी-उजवीकडे फिरवता येत नाही आणि पाठीचा कणा वाकत जातो.

२००० साली वाटलं, स्पेरीच्या खुणा सापडल्याच. ‘डीस्कॅम’ या एकाच जनुकाचे तुकडे वेगवेगळे जोडून चिलट १२ × ४८ × ३३ × २, म्हणजे ३८,०१६ प्रकारची प्रथिनं बनवू शकतं. एवढे पत्ते! पण पुढच्या काही वर्षांत कळलं ते भलतंच. डीस्कॅम पत्ता सांगत नाही. एकाच पेशीच्या दोन फांद्या भेटल्या, प्रकार तंतोतंत जुळला, की त्या एकमेकींपासून दूर होतात. ‘ही मीच’ एवढंच फांदीला ओळखायचं असतं.

खुणांचा गुंता सुटला तो वासाच्या वाटेवर. चिलटाच्या वासाचं जनुकशास्त्र आपल्याकडे १९७०च्या दशकातच सुरू झालं होतं : मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दीकी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी वास न कळणारी चिलटं हुडकली. सिद्दीकींनी पुढे बेंगळुरूला एनसीबीएस ही जीवशास्त्राची संशोधन संस्था उभी केली, बेळगावहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने एका रात्रीच्या अंतरावर. चिलटाच्या मेंदूत वासाचे पन्नासेक गोळे असतात आणि प्रत्येक जातीचा तंतू नेमका आपल्याच गोळ्यात शिरतो. स्टॅनफर्डच्या लिकुन लुओ यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं की टेन्यूरिन नावाची प्रथिनं दोन पेशींवर सारखी असतील तर त्या पेशी जोडल्या जातात. नंतर विकर्षण करणारे रिसेप्टरही सापडत गेले. एकेका जोडणीला एक खूण नव्हतीच. मोजके रिसेप्टर, कुठे जास्त कुठे कमी, वेगवेगळ्या मेळाने वापरलेले.

२०२५ मध्ये याच गटाने ते उलटं करून पाहिलं. नरांच्या वासाची खबर देणाऱ्या तंतूंवरचे मोजकेच रिसेप्टर त्यांनी कमी-जास्त केले, तर ते तंतू आपला गोळा सोडून प्रणय चेतवणाऱ्या वाटेशी जाऊन जुळले. एरवी ज्या वासाने नर मागे हटतो, त्याच वासावर हे नर आता दुसऱ्या नरांभोवती पंख थरथरवत फिरू लागले.